टाकीचा गीझर काढायचा का? आधी बादली आणि घड्याळ घ्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. घर पुण्याजवळ वाकडला, अकरा मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर. बाथरूम दोन, दोन्हींत १५ लिटरचे बारा वर्षं जुने गीझर, त्यातला एक खालून ठिबकायला लागलाय. घरात तुम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि ७६ वर्षांच्या सासूबाई. फरशी आणि नळ बदलायचं काम काढलंच आहे, तर गीझरचंही आत्ताच ठरवायचंय. न्यू जर्सीतले दीर सांगतात, ‘आमच्याकडे आता टाकी नाहीच. भिंतीवर एक डबा, हवं तेव्हा हवं तेवढं गरम पाणी, बिलही कमी. तुम्हीही टाक्या काढून टाका.’ दुकानदाराने विजेवरचा ३ लिटरचा इन्स्टंट आणि ६ लिटरचा गॅस गीझर दाखवलाय. स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आलेला आहे.

मी गेली २६ वर्षं पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडात प्लंबिंग आणि वायरिंगची कामं करतोय. माझं मत आधी सांगतो आणि मग कारणं. सासूबाईंच्या बाथरूमला टाकीचाच गीझर ठेवा, २५ लिटरचा. दुसऱ्या बाथरूमला गॅसचा बिनटाकीचा चालेल, पण तो बाथरूममध्ये बसवायचा नाही, स्वयंपाकघरालगतच्या ड्राय बाल्कनीत बसवायचा आणि तिथून पाइप आत न्यायचा. सिंकखाली ३ लिटरचा इन्स्टंट हवा तर घ्या. आणि गॅस गीझर उघड्या हवेत बसवायला जागा नसेल, तर गॅसचा विचारच सोडा. या शेवटच्या वाक्यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही.

दीर खोटं बोलत नाहीत. त्यांच्या घरात ते म्हणतात तसंच होत असणार. फरक असा की त्यांच्याकडची जुनी टाकी म्हणजे ४०-५० गॅलनची, दीडशे ते एकशे नव्वद लिटरची, तळघरात उभी आणि चोवीस तास गरम. घरात कुणी असो वा नसो, रात्री दोन वाजताही ती पाणी तापवत बसते. ती काढली की चोवीस तासांची गळती थांबते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज असा आहे की दिवसाला ४१ गॅलन, म्हणजे साधारण १५५ लिटरपर्यंत गरम पाणी वापरणाऱ्या घरात बिनटाकीचं यंत्र टाकीपेक्षा २४ ते ३४ टक्के कमी ऊर्जा खातं. दिरांची बचत ती.

आपल्याकडे चोवीस तास गीझर कोण चालू ठेवतं? आपलं बटण बाथरूमच्या बाहेर असतं, सकाळी उठल्यावर लावायचं आणि शेवटची आंघोळ झाली की बंद करायचं. ‘गीझर बंद केलास का?’ हे वाक्य आपल्या घरांत रोज एकदा तरी ऐकू येतंच. थोडक्यात, अमेरिकेत जी बचत यंत्र करून देतं ती आपल्या घरातल्या बाईने बटणावर बोट ठेवून कधीचीच केलेली आहे. टाकीच्या तारांकित लेबलावर ‘स्टँडिंग लॉस’ म्हणून आकडा छापलेला असतो: टाकीतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी गरम ठेवलं तर २४ तासांत किती युनिट वाया जातात. चांगल्या पाच ताऱ्यांच्या छोट्या टाकीत हा आकडा अर्ध्या युनिटच्या आसपास येतो. अख्खा दिवस गरम ठेवली तरी एवढंच. तुम्ही दीड-दोन तास लावून बंद करत असाल तर नुकसान त्याहूनही कमी, फक्त उरलेलं पाणी दुपारपर्यंत हळूहळू निवतं तेवढं. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला शंभराच्या आतबाहेर. टाकी काढून एवढेच वाचतील. ‘बिल अर्ध्यावर येईल’ असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे बिलाचा हिशेब मागा.

आता मुख्य हिशेब. बादली आणि मोबाइलचं घड्याळ घ्या. मुलीच्या बाथरूममधला शॉवर ती नेहमी सोडते तेवढा सोडा, खाली बादली धरा आणि एक मिनिट मोजा. साध्या शॉवरला ७-८ लिटर भरतात, मोठ्या चौकोनी शॉवरला १२ सुद्धा. हा आकडा कागदावर लिहा. मग डिसेंबरातल्या सकाळी नळाचं पाणी किती गार असतं ते. गच्चीवरच्या टाकीचं पाणी थंडीत आपल्या भागात पहाटे २० अंशांच्या आसपास असतं, कधी दोन-तीन अंश खाली. आंघोळीचं पाणी ४० अंश धरा. म्हणजे २० अंश चढवायचे.

एक किलोवॅट उष्णता मिनिटाला साधारण १४.३ लिटर पाणी एका अंशाने तापवते. हे निसर्गाचं गणित आहे, कुठल्याही ब्रँडचा त्यात हात नाही. ३ किलोवॅटचा इन्स्टंट मिनिटाला ४३ लिटर एका अंशाने तापवील. आपल्याला २० अंश हवेत, म्हणून ४३ भागिले २०, मिनिटाला जेमतेम सव्वादोन लिटर. आठ लिटरचा शॉवर त्यावर चालणार कसा? आठ लिटरच्या शॉवरला ११ किलोवॅट लागतात, २३० व्होल्टला ४८ अँपिअर. तेवढी वीज तुमच्या अख्ख्या घराला मिळत नाही. विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो, तो काढून बघा.

दुकानात ‘इन्स्टंट’ म्हणून जे विकतात ते खरं तर पूर्ण बिनटाकीचंही नसतं. आत १ किंवा ३ लिटरचं छोटं पोट असतं. ३ लिटरच्या पोटातलं पाणी दोन मिनिटांत कढत होतं, नळ सोडला की पहिले तीन लिटर झकास येतात आणि माणूस खूश होतो. दुकानातही हेच दाखवतात. पुढे धार बारीक करावी लागते. मी घरी स्वतः मोजलंय: डिसेंबरात २० लिटरची बादली ऊन पाण्याने भरायला सव्वानऊ मिनिटं. उन्हाळ्यात तीच बादली साडेपाच मिनिटांत भरते, कारण पाणी मुळातच २८ अंशांवर असतं.

म्हणूनच हेच उत्तर मी मुंबईत, रत्नागिरीत किंवा पणजीत वेगळं दिलं असतं. तिथे जानेवारीतही नळाचं पाणी २४-२५ अंश असतं, आंघोळ बादलीने, घरात माणसं दोन. अशा घरी ३ लिटरचा इन्स्टंट वर्षानुवर्षं सुखाने चालतो आणि वर भिंतीवर जागाही अडत नाही. उलट नाशिक, महाबळेश्वर, जुन्नरच्या थंडीत आणि चार माणसांच्या घरात तो लावला की जानेवारीत रोज सकाळी भांडण. तुमच्याकडे साडेसातच्या आत तिघांना बाहेर पडायचं असतं. सव्वानऊ मिनिटं एका बादलीला तुम्हाला परवडणार नाहीत.

टाकीचं गणित याच्याशी ताडून बघा. २५ लिटर पाणी २ किलोवॅटवर २० अंशांवरून ६० ला जायला पस्तीस मिनिटं लागतात. पण ६० अंशांचं पाणी कुणी अंगावर घेत नाही, विसण घालतो. त्या २५ लिटरमध्ये तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं ५० लिटर होतं. आतलं गार-गरम थोडं मिसळतं म्हणून ४५ धरा. दोन बादल्यांहून जास्त, आणि तेही नळ पूर्ण सोडून, वाट न बघता. टाकी म्हणजे सावकाश साठवून झटकन देणारी गोष्ट. वीज थोडी असेल आणि पाणी एकदम हवं असेल तर साठवण्यावाचून मार्ग नाही. आपल्या आज्यांनी मोरीशेजारी तांब्याचा बंब ठेवला तो याच हिशेबाने.

वायरिंगकडे वळतो, कारण फरशी निघाली आहे तोवरच हे काम होईल. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, थेट डीबीपासून (घरातल्या स्विचांच्या मुख्य डब्यापासून), ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). कंपनीच्या कागदावर ४.५ किलोवॅट लिहिलं असेल तर जवळजवळ २० अँपिअर होतात, तिथे सॉकेट वापरायचंच नाही, वायर सरळ डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) स्विचला जोडायची. गेल्या वर्षी एका घरी ‘गीझरचं बटण लावलं की जळका वास येतो’ म्हणून बोलावलं. सॉकेटचं झाकण काढलं तर आतलं पांढरं प्लास्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, प्लगची एक पिन निळसर काळी आणि वायरचं आवरण बोट लावताच खपली निघावी तसं सुटलं. मिक्सरसाठी काढलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर कुणीतरी इन्स्टंट चढवला होता. घरात लहान मूल होतं. मी तो गीझर त्याच वेळी काढून ठेवला आणि पॉइंट झाल्याशिवाय लावू दिला नाही. अर्थिंग हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. भिंतीत तिसरी वायर आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे. टेस्टरवाल्याकडून नव्हे, मीटर असलेल्या परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्या.

आता गॅस. ६ लिटरचा गॅस गीझर म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा. वर सांगितलेल्या गणितात बसवलं तर साडेदहा किलोवॅट उष्णता पाण्यात उतरते, विजेच्या इन्स्टंटच्या साडेतीनपट. वीस अंश चढवायचे तर मिनिटाला साडेसात लिटर मिळतं. मुलीचा शॉवर यावर आरामात चालतो. वीज गेली तरी चालतो, कारण ठिणगीला टॉर्चचे दोन मोठे सेल पुरतात. घरगुती उपकरणांत दिरांच्या यंत्राच्या जवळ जाणारं आपल्याकडे हेच. (त्यांचं मोठं यंत्र ५८ किलोवॅटपर्यंतचं असतं, एका वेळी तीन नळ चालवतं. त्याची आपल्याला गरज नाही.)

तो चालतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या निम्म्या तक्रारी होणारच नाहीत. पाणी वाहायला लागलं की आत एक रबरी पडदा दाबला जातो, त्याने बारीक स्विच बसतो, ठिणगी पडते, गॅस उघडतो. पाणी पुरेसं वाहिलं नाही तर पडदा दबत नाही. वरच्या टाकीपासून खाली १० मीटरला एक बार दाब मिळतो. तुमच्यावर पाच मजले आहेत, दीड बार सहज मिळेल, तुम्हाला चिंता नाही. अकराव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तुमचं बघून लावला तर मात्र त्यांच्याकडे तो पेटेलच असं नाही, त्यांना तसं सांगून ठेवा.

‘आंघोळ चालू असताना मध्येच गार पाणी येतं’ ही गॅस गीझरची सर्वात जास्त येणारी तक्रार. दहातल्या आठ घरांत यंत्र चांगलं असतं. पाणी फार कढत आलं म्हणून माणूस सवयीने गार नळ सोडतो, विसण घालतो. गार पाण्याचा जोर वाढला की गरम बाजूची धार बारीक होते, पडदा सुटतो, आग विझते. टाकीच्या गीझरला विसण घालायचं, गॅस गीझरला घालायचं नाही. त्याच्या तोंडावर दोन-तीन खुंट्या असतात, गॅसची, पाण्याची, काहींना हिवाळा-उन्हाळ्याची. त्या फिरवून यंत्रातूनच ४० अंशांचं पाणी काढायचं आणि शॉवरचा गरम नळ पूर्ण सोडायचा. एप्रिलमध्ये आच कमी केल्याशिवाय हे जमत नाही. घरातल्या प्रत्येकाला एकदा उभं करून दाखवा.

सासूबाईंना गॅसचा का नको, तेही इथेच येतं. साबण लावताना नळ बंद केला की आग विझते, पण तांब्याच्या कॉइलमध्ये अडकलेलं थोडं पाणी तापलेल्या धातूवर आणखी तापतं. नळ पुन्हा सोडला की आधी तो कढत घोट येतो, मग क्षणभर गार, मग नीट. तुम्ही-आम्ही हात मागे घेतो. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, हालचाल सावकाश. त्यांच्या बाथरूमला टाकी लावा, थर्मोस्टॅट ५० अंशांवर ठेवा, बादली भरून द्या. त्यात अचानक काही होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी चिंचवडच्या एका घरून सकाळी फोन आला. घरातली तरुण सून आंघोळीला गेली ती बाहेरच येईना, हाक मारली तर उत्तर नाही. दाराची कडी आधीपासून सैल होती, ती धक्क्याने निघाली, म्हणून मुलगी वाचली. दवाखान्यात दोन दिवस ठेवावं लागलं. घरच्यांना वाटत होतं की गॅस गळला असेल, म्हणून मला बोलावलं. मी साबणाचं पाणी लावून एकूण एक जोड तपासला, कुठे बुडबुडा नाही. मग वर बघितलं. गीझर बाथरूममध्येच, दाराच्या वर. समोर हातभर व्हेंटिलेटर आणि त्याच्या काचांच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. थंडी येते म्हणून सासूने मायेने कोंबले होते. गीझर पेटवला तर ज्योत निळी यायच्या ऐवजी पिवळी, लवलवती, आणि वरच्या पत्र्यावर काजळीचा बोटभर पट्टा. त्या बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या. ‘मी कोंबले होते ते कागद,’ एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

झालं काय होतं? ६ लिटरचा गीझर पूर्ण आचेवर तासाला साधारण सव्वा घनमीटर पाइपचा गॅस जाळतो. एक घनमीटर गॅस जळायला दहा घनमीटर हवा लागते. पाच बाय सातचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे सगळं मिळून आठ घनमीटर हवा. दार लावलेलं, व्हेंटिलेटर बंद. वीस मिनिटांच्या आंघोळीत गीझर निम्म्या खोलीइतकी हवा वापरून टाकतो. प्राणवायू कमी पडायला लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळणाऱ्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, घशात खवखव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटके पडतात आणि दार दोन पावलांवर असून कडीपर्यंत हात जात नाही. आपल्याकडच्या डॉक्टरांनी तर याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच दिलंय, कारण बाथरूममध्ये आकडी येऊन पडलेले रुग्ण त्यांच्यापर्यंत येतात आणि अनेकदा आधी फिट्सचा आजार समजून तपासण्या होतात. दर थंडीत महाराष्ट्रात अशा बातम्या येतात आणि त्यात बहुतेक वेळा तरुण माणसंच असतात.

‘एक्झॉस्ट फॅन लावलाय, मग काय?’ असं विचारतात. गीझर आणि पंखा एकाच बंद खोलीत असतील आणि खाली दारातून हवा आत यायला वाट नसेल, तर पंखा धुराच्या पाइपातूनच हवा ओढतो आणि धूर उलटा आत येतो. ‘धूर डक्टमध्ये सोडलाय’ हेही ऐकतो. त्या डक्टमध्ये वरच्या पाच मजल्यांची व्हेंटिलेटरं उघडतात. आपला धूर दुसऱ्याच्या लेकराच्या न्हाणीघरात सोडायचा नाही. जुना बंब आठवा: त्याला मधोमध धुराडं होतं, आणि तो मोरीच्या बाहेर, परसात किंवा पडवीत पेटवत. कार्बन मोनॉक्साइड हे नाव त्या पिढीने ऐकलेलं नसेल, पण बंद खोलीत विस्तव ठेवून कुणी आंघोळीला बसत नसे.

तेव्हा जागा ड्राय बाल्कनीची. पण ताई, इथे एक गोम आहे आणि ती वाकड, बाणेर, पिंपळे सौदागरकडे जास्त दिसते: पाऊस येतो, धूळ येते, कबुतरं येतात म्हणून लोक ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा लावून टाकतात. काचा लागल्या की ती बाल्कनी उरत नाही, खोली होते, आणि तिचं दार स्वयंपाकघरात उघडतं. काचा असतील तर वरची आणि खालची पट्टी कायमच्या जाळीची करून घ्या, सरकवून बंदच करता येणार नाही अशी, आणि धुराचा पाइप काचेबाहेर काढा. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वयंपाकघरात लावा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा आणि हा वेगळा, दुकानात दोन्ही एकच म्हणून गळ्यात मारतात. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

ड्राय बाल्कनीपासून बाथरूमपर्यंत तुमच्याकडे साधारण आठ-दहा मीटर पाइप जाईल. अर्ध्या इंची सीपीव्हीसीत (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपात) मीटरला सव्वाशे मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे दर वेळी सव्वा लिटर गार पाणी आधी येईल, आणि पाइप तापायला आणखी थोडं. ते बादलीत धरा, फरशीला वापरा. पाऊण इंची पाइप टाकलात तर हेच दुप्पट होतं, तेव्हा ‘मोठा पाइप, जास्त जोर’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचं इथे ऐकू नका. पाइपावर फोमची नळी चढवा. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, सीपीव्हीसीच. यंत्राजवळचे शेवटचे दोन फूट धातूची लवचीक नळी घ्या, कारण तो कढत घोट तिथेच पहिल्यांदा लागतो.

गॅसचा जोड गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच काढून घ्या. शेगडीच्या रबरी नळीला टी मारून गीझर जोडलेला मी पाहिलाय. असं करू नका. यंत्र पाइपच्या गॅससाठीच बनवलेलं मागवा. पाइपचा गॅस घरात २१ मिलिबारला येतो, सिलिंडरचा ३० ला, आणि दोघांची जेटची, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीची, भोकं वेगळी. सिलिंडरचा गीझर ‘इथेच कन्व्हर्ट करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात ड्रिल असतं, मोजमाप नसतं. १० लिटरचा मोठा गीझर घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. नको. घरगुती गॅस मीटर साधारण तासाला अडीच घनमीटरपर्यंतचा असतो, आकडा मीटरवर छापलेला असतो. १० लिटरचा गीझर एकटाच दोन घनमीटर मागतो. त्यात सकाळच्या वेळी शेगडीचे तीन बर्नर लागले की पोळी कच्ची आणि पाणी कोमट.

पाण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नव्हता, पण वाकडमध्ये तो विचारायलाच हवा. खडकवासल्याचं किंवा पवनेचं धरणाचं पाणी मऊ असतं. बोअरवेल आणि टँकरचं जड. तुमच्या नळांच्या तोंडाला पांढरा थर धरतो का, बादलीला आतून खरखरीत लागतं का? तसं असेल तर बिनटाकीच्या यंत्राचा त्रास जास्त होणार, कारण त्याची पाण्याची वाट बोटापेक्षा बारीक असते. कॉइलमध्ये क्षार बसले की आधी धार कमी होते, मग यंत्र शिट्टी वाजवल्यासारखा आवाज काढतं, मग कॉइल फुटते. वर्षातून दोनदा लिंबूसत्वाचं पाणी अर्धा तास फिरवून घ्यायचं, मिस्त्री करून देतो, अवघड नाही. टाकीतही क्षार बसतात, पण पोट मोठं म्हणून ती सोसते. तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीच्या आधी स्वतः झिजते. तुमच्या १२ वर्षांच्या टाक्यांतली कांडी कुणी कधी बदलली नसणार. दोन वर्षांनी बघायला सांगा, टाकी बदलण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त.

पैशाचं बोलून संपवतो. २० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला विजेवर ०.४७ युनिट लागतं, टाकी असो वा इन्स्टंट. पाइपच्या गॅसवर ०.०६ घनमीटर. सिलिंडरवर साधारण ४५ ग्रॅम, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये तीनशेच्या वर बादल्या. आपापल्या बिलातला दर घालून गुणाकार करा. वीज १० रुपये आणि गॅस ५० रुपये धरला तर बादलीला पावणेपाच विरुद्ध तीन. रोजच्या पाच बादल्यांवर महिन्याला अडीचशे रुपयांचा फरक, तोही थंडीत. महिन्याला तुमचा वापर तीनशे युनिटच्या वर जाऊन वरचा दर लागत असेल तर फरक वाढतो. एवढ्यासाठी कुणी गॅसचा गीझर लावू नये असं मला वाटतं. तो लावायचा असेल तर मुलीच्या शॉवरसाठी आणि सकाळी एकामागून एक आंघोळींसाठी लावा. ते सुख खरं आहे आणि मला ते मान्य आहे.

फरशी बसायच्या आधी एवढं मात्र करून घ्या: दोन्ही बाथरूमना १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट, गॅसचा विचार असला तरीही, आणि ड्राय बाल्कनीतून एक सीपीव्हीसीची लाइन, आत्ता वापरा किंवा तोंड बंद करून ठेवा. उद्या सोसायटीने गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं तर तीच लाइन उपयोगी पडेल. ठिबकणारी टाकी सासूबाईंच्या बाथरूममधली असेल तर ती उद्याच बदला, त्यासाठी बाकीचं ठरायची वाट बघू नका.

तुमच्या ड्राय बाल्कनीला काचा आहेत की नाहीत हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर एक फोटो काढा, वरच्या पट्टीपासून खालच्या कठड्यापर्यंत सगळं येईल असा, आणि बाल्कनीची लांबी-रुंदी मोजून पाठवा. जाळी कुठे काढायची आणि धुराचा पाइप कुठून न्यायचा ते मी त्याच फोटोवर खुणा करून देतो.